जयगडच्या खाडीत चार रात्री

समुद्रावर तीस वर्षे काढून साताऱ्यात स्थायिक झालेले आमचे सदरलेखक या अंकात शिडाच्या नौकेने कोकणकिनाऱ्याने प्रवास करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत. या वेळची बहुतेक पत्रे खराब हवामानात बंदरात थांबून राहण्याविषयीची आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र, तिघे सांगलीचे आणि एक मिरजेचा. सेवानिवृत्तीनंतर आम्ही तीस फुटांची एक जुनी शिडाची नौका भागीदारीत घेतली असून ती मुंबईत असते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही गोव्याला जाण्यासाठी निघालो आणि तिसऱ्या दिवशी जयगडला पोचलो. तेथे अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याचे आणि मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिल्याचे समजले, म्हणून खाडीत नांगर टाकून चार रात्री काढल्या. पाचव्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ झाले आणि वारा पूर्ण पडला. मिरजेच्या मित्राच्या पुतणीचे लग्न दोन दिवसांवर आले होते. बराच वाद होऊन अखेर अकरा वाजता आम्ही विजयदुर्गाच्या दिशेने निघालो. खाडीबाहेर पडताच नैऋत्येकडून मोठमोठ्या लाटा येऊ लागल्या, नौका दोन्ही बाजूंना लोळू लागली, दोघांना उलट्या झाल्या आणि इंजिन दोनदा बंद पडले. अंधार पडल्यावर कसेबसे रत्नागिरीच्या बंदरात शिरलो. तेथे तीस मीटर दोर सोडून नांगर टाकला, तो रात्री ओढला गेला. कोणाला इजा झाली नाही, परंतु तेव्हापासून आमच्यात मोकळेपणा राहिलेला नाही. एकाचे म्हणणे असे की दोन दिवस आधीच निघायला हवे होते. दुसऱ्याचे म्हणणे, निघायलाच नको होते. किती दिवस थांबावे, याचा काही नियम आहे काय?
— चार भागीदारांपैकी एक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दिवसांचा नियम नाही. तुमच्या दोन्ही मित्रांची मते मला मान्य नाहीत, कारण दोघेही दिवस मोजत आहेत आणि त्या सकाळी जे मोजायला हवे होते त्याकडे चौघांपैकी कोणीच पाहिलेले दिसत नाही. तुम्ही आकाश पाहिले. पाहायला हवा होता तो समुद्र.

ही गोष्ट सांगलीकराला समजावून सांगावी लागू नये. सांगलीत लख्ख ऊन पडलेले असते, रस्ते कोरडे असतात, आणि तरीही आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी तासातासाने चढत असते, कारण पाऊस सांगलीत नव्हे तर महाबळेश्वरच्या आणि कोयनेच्या डोंगरांत पडलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ऊन पडले म्हणून नदीकाठी परत राहायला जावे, असे कोणी सुचवले असते तर तुम्हीच त्याला वेड्यात काढले असते. समुद्राचे गणित असेच आहे. दोनतीनशे मैलांवर वादळी वाऱ्याने उठवलेली लाट वारा पडल्यावर विरून जात नाही. ती लांब आणि संथ होत जाते आणि एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचते. तुम्ही जयगडला खाडीच्या आत होता. जयगडचा किल्ला खाडीच्या दक्षिण अंगाला आहे आणि त्या डोंगराच्या आडोशामुळे नैऋत्येची लाट आत फारशी येत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी ती जागा थांबायला चांगली, नेमक्या त्याच कारणाने तेथून बाहेरचा समुद्र कळत नाही. सकाळी एकाने किल्ल्याकडच्या उंचावर जाऊन अर्धा तास नुसते पश्चिमेकडे पाहिले असते, खडकांवर फुटणारे पाणी किती उंच उडते आणि दोन मोठ्या लाटांमध्ये किती सेकंद जातात हे मोजले असते, तर वाद घालण्याची गरजच उरली नसती.

वारा पडल्यामुळे तुमची अडचण कमी झाली नाही, उलट वाढली. शिडात वारा भरलेला असला की नौका एका अंगावर कलते खरी, पण त्या दाबाने ती स्थिरही राहते; वारा नसताना मोठ्या लाटेत तिला आधार उरत नाही आणि ती घड्याळाच्या लंबकासारखी लोळते. मग इंजिन लावावे लागते, आणि जुन्या नौकेच्या डिझेलच्या टाकीत तळाशी साचलेला गाळ नेमका अशा लोळण्याने ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबतो. तुमचे इंजिन दोनदा बंद पडले त्याचे कारण बहुधा हेच असावे. टाकी साफ करून घ्या, दोन-तीन जादा फिल्टर जवळ ठेवा, आणि ते बदलण्याचा सराव धक्क्याला लागलेले असताना करा.

आता वेळेचे गणित पाहू. जयगड ते विजयदुर्ग हे अंतर सुमारे ४५ सागरी मैल आहे. तुमची नौका चांगल्या परिस्थितीत ताशी पाच मैल जात असेल, म्हणजे नऊ तास. सकाळी अकराला निघणाऱ्याने रात्री आठला पोचायचे ठरवले होते, असा याचा अर्थ होतो, आणि नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सगळे सुरळीत झाले असते तरीही तुम्ही अनोळखी खाडीत अंधारातच शिरला असता. प्रत्यक्षात तुम्ही सुमारे १८ मैलांवरच्या रत्नागिरीलाच अंधार गाठलात. तेथे शहराच्या दिव्यांच्या गर्दीत बंदराचे दिवे ओळखणे नवख्याला किती अवघड जाते, हे तुम्ही अनुभवले आहेच. त्या दिवशी निघायचे होते तर पहाटे, आणि पहाटे निघणे झाले नव्हते तर तो दिवस संपला, असे समजायला हवे होते. मला विचाराल तर सहाव्या दिवशी पहाटे, आदल्या दिवशी समुद्र पाहून आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज वाचून, तुम्हाला बहुधा निघता आले असते. तो अंदाज वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्यात दिलेली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. दोन मीटर लिहिलेले असेल तर मधूनच एखादी लाट त्याच्या दुपटीला जाणारी येऊ शकते, आणि नौकेला त्या एका लाटेशीही गाठ घालावी लागते.

नांगराविषयी थोडक्यात. ओहोटीला पाच मीटर खोली असेल, भरतीला आणखी दोन मीटर पाणी चढणार असेल आणि नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर हिशेब आठ मीटरांचा धरायचा. दोराच्या नांगराला वाऱ्यावादळात त्याच्या सातपट, म्हणजे सुमारे ५५ ते ६० मीटर दोर सोडावा लागतो. साखळी असेल तर पाचपट चालून जाते. तुम्ही तीस मीटर सोडला होता. त्यात भर अशी की खाड्या-बंदरांत साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि नौका नांगराभोवती फिरते, तेव्हा नांगर उपटून निघण्याचा धोका असतो. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धराव्यात आणि प्रवाह उलटल्यावर त्या अजून एका रेषेत दिसतात का, हे पाहण्यासाठी एकाने उठावे.

राहिला लग्नाचा प्रश्न, आणि खरे पाहता तुमच्या पत्रातील मुख्य प्रश्न तोच आहे. परतीची तारीख ठरवून समुद्रावर जाणाऱ्याला चौथ्या दिवशी ढगही विरळ दिसू लागतात. हे माझ्याही बाबतीत घडलेले आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त कोणाच्या घरात नसतात? पण पुतणीच्या लग्नाला पोचायला नौका लागत नाही. जयगडहून रत्नागिरीला यावे, तेथून आंबा घाटाने कोल्हापूरची एसटी धरावी आणि कोल्हापूरहून मिरज, असा तो एका दिवसाचा प्रवास आहे. एकाने वऱ्हाडात जावे आणि उरलेल्या तिघांनी खाडीत थांबावे, हा पर्याय चौघांनाही सुचला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. पुढच्या वेळी मुंबई सोडण्याआधीच एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा : तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, एकच असेल, 'आज निघायचे नाही' असे चौघांपैकी कोणीही म्हणू शकेल आणि त्याला कारण विचारले जाणार नाही, 'आज निघायचेच' असे मात्र तांडेलालाही एकट्याने म्हणता येणार नाही. हा करार भागीदारीच्या करारापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री जेथे समुद्राला मिळते ते बाणकोट पाहावे, म्हणून आम्ही गेल्या वर्षी हर्णैहून एका ओळखीच्या मच्छीमाराच्या होडीने गेलो. समुद्र शांत होता, वारा नव्हता, समोर खाडीचे तोंड स्वच्छ दिसत होते. तरीही तांडेलाने होडी तीन तास बाहेरच उभी ठेवली. विचारल्यावर 'भरती होऊ दे' एवढेच म्हणाला. त्याला कसली भीती वाटत होती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तांडेलाला माझा नमस्कार कळवा. सावित्रीसारख्या नद्या घाटावरचा गाळ घेऊन येतात आणि समुद्राला मिळताना प्रवाह मंदावला की तो तोंडाशीच टाकून देतात. त्यातून पाण्याखाली वाळूचा आडवा दांडा तयार होतो आणि दर पावसाळ्यानंतर त्याची जागा थोडी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट या वर्षी चालेलच असे नाही. बाहेरच्या खोल पाण्यात जी लाट केवळ हळुवार वरखाली होताना जाणवते, ती दांड्यावर आली की तिचा पाय तळाला अडतो, तिची उंची वाढते आणि ती कोसळते. ओहोटीचे पाणी त्याच वेळी बाहेर येत असेल तर लाट आणि प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि लाट आणखी उभी होते. म्हणून वारा नसला तरी, दूरच्या वादळाची लांब लाट येत असताना, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडात शिरणे हे भर वाऱ्यात मोकळ्या समुद्रात असण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत दांड्यावर पाणी पुरेसे असते आणि प्रवाहही लाटेबरोबर आत येत असतो. तुमचा तांडेल त्याचीच वाट पाहत होता.

समोर तोंड स्वच्छ दिसत होते, असे आपण लिहिता. फसवणूक तेथेच होते. समुद्राकडून पाहणाऱ्याला फुटणाऱ्या लाटांची पाठ दिसते, आणि पाठ नेहमीच गुळगुळीत असते; पांढरा फेस पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला असतो. तरुणपणी मी हीच चूक करून एका खाडीच्या तोंडात नौका घातली होती. मागून आलेल्या लाटेने तिला आडवी फिरवली आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात तुटून आला. आम्ही वाचलो ते दुसरी लाट लहान होती म्हणून, माझ्या कौशल्यामुळे नव्हे.

याचा एक परिणाम असा की थांबण्याची जागा हवामान बिघडण्याआधी निवडावी लागते. कोकणातील प्रत्येक खाडी आसऱ्याची नसते. विजयदुर्गाला, वाघोटन खाडीच्या तोंडाशी, असा वाळूचा दांडा नाही आणि कोणत्याही हवेत आत शिरता येते, ही त्या बंदराची ख्याती इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. मराठ्यांच्या आरमाराने ते ठाणे उगाच निवडले नव्हते. देवगडही आसऱ्याचे चांगले बंदर आहे. मालवणला मात्र सिंधुदुर्गाभोवती खडकांचे जाळे आहे, त्यामुळे वाट ठाऊक नसलेल्याने तेथे संध्याकाळी किंवा खवळलेल्या समुद्रात शिरू नये. वेळ निघून गेली असेल आणि ओळखीची खाडी जवळ नसेल, तर किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात उजाडेपर्यंत थांबणे अधिक सुरक्षित असते. किनाऱ्याकडे पाहून जिवाला धीर येतो, पण पश्चिमेच्या वाऱ्यात नौका फुटायची ती किनाऱ्यावरच.

प्रश्न : 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' असे आपण बातम्यांत ऐकतो. हे नंबर किती आहेत, आणि लहान खासगी नौकेने कितव्या नंबरापासून थांबावे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : आपल्या बंदरांवर एकूण अकरा इशारे वापरले जातात, दिवसा खांबावर विशिष्ट आकार चढवतात आणि रात्री दिवे लावतात. एक आणि दोन नंबर दूर समुद्रातल्या हवामानाविषयी असतात. बंदराला त्या क्षणी धोका नसतो, परंतु बाहेर पडणारी बोट धोक्यात जाऊ शकते. तीन आणि चार त्या बंदरापुरते असतात : तीन म्हणजे सोसाट्याचा वारा अपेक्षित, चार म्हणजे वादळाची शक्यता. पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

लोकांची समजूत अशी असते की सहा हा पाचपेक्षा वाईट आणि सात त्याहून वाईट. तसे नाही. पाच, सहा आणि सात यांत फरक आहे तो वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार याचा, म्हणजे बंदर त्याच्या डाव्या हाताला राहणार, उजव्या हाताला राहणार, की ते थेट बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. आठ, नऊ आणि दहा यांचेही तसेच आहे. लहान नौकेसाठी माझे उत्तर सोपे आहे : एक नंबर लागला की बाहेर पडू नये. बंदराला धोका नाही, हे वाक्य बंदरात असणाऱ्यासाठी आहे.

ताशी पाच मैल जाणारी नौका वादळापुढे पळू शकत नाही, हेही तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे. चोवीस तासांत ती १२० मैल जाईल. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ १४ तारखेच्या सुमारास लक्षद्वीपजवळ आकाराला आले आणि आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. ज्या दिशेला तुम्ही पळाल त्याच दिशेला ते येत असते.

प्रश्न : माझे यजमान आणि दीर या डिसेंबरात अशाच सफरीला निघत आहेत. अडकून पडल्यास जेवणापाण्याची काय तयारी द्यावी?
— एक गृहिणी, वाई

उत्तर : पाणी माणशी रोज चार लिटर धरावे आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांचे जास्त द्यावे, तेही एका टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये. खाण्याची चिंता पुरुष करतात तेवढी करू नये. कडक भाकरी, चटणी, सांगलीचे भडंग, गूळ-शेंगदाणे आणि लिंबे एवढ्यावर आठवडा निघतो. लाटेत चूल पेटवता येत नाही, म्हणून न शिजवता खाता येईल असे निम्मे तरी असावे. ओटीत पत्त्यांचा जोड आणि एक जाड पुस्तक घालावे. कंटाळा आला की माणसे नांगर उचलण्याच्या गोष्टी करू लागतात.

प्रश्न : माझे पती दर हिवाळ्यात मित्रांबरोबर नौकेने गोव्याकडे जातात. समुद्रात फोन लागेनासा झाला की माझा जीव टांगणीला लागतो, आणि काळजी नेमकी केव्हापासून करायची हेच कळत नाही. घरी बसलेल्या माणसाने काय करावे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : हा प्रश्न आपण विचारला याचा मला आनंद झाला, कारण निघणारे तो कधीच विचारत नाहीत. निघण्यापूर्वी त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या. त्यावर नौकेचे नाव, रंग, लांबी, नोंदणी क्रमांक, बरोबरच्या सर्वांची नावे व फोन, कोणत्या बंदरांत मुक्काम करणार आणि वाटेत आसरा घ्यावा लागला तर कोठे घेणार, हे सगळे असावे. त्याखाली एक वेळ लिहिलेली असावी : अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करावा. ती वेळ त्यांनी स्वतः ठरवावी आणि अंदाजे पोचण्याच्या वेळेपेक्षा बरीच पुढची असावी, म्हणजे तोपर्यंत आपणांस निश्चिंत राहता येईल. ती उलटली की मात्र 'थोडे थांबून पाहू' असे करू नये. तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करून तो कागद वाचून दाखवावा. शोधासाठी निघालेल्यांना नौका कोठून केव्हा निघाली आणि कोठे जाणार होती, एवढे नेमके कळले तरी शोधायचा समुद्र कितीतरी लहान होतो.

ठरलेल्या वेळेआधी फोन न लागण्यात घाबरण्यासारखे सहसा काही नसते. किनाऱ्यापासून काही मैलांवर गेले की संपर्क जातो, आणि खोल खाडीत डोंगराआडही तो लागत नाही. निघताना एक आणि नांगर टाकल्यावर एक, एवढे दोनच फोन ठरवावेत. बेत बदलला तर तो कळवण्याची जबाबदारी त्यांची, हेही बजावून सांगावे. आसऱ्याला कोठे जावे लागेल, याचा नेम नसतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक मासेमारी बोटी शेकडो मैल वर येऊन आपल्या देवगडला लागल्या होत्या.

आणखी एक विनंती. ते कोठे तरी थांबले आहेत असा फोन आला, तर 'मग कधी निघणार?' असे विचारू नये. काय जेवलात, एवढे विचारावे.